पाचव्या बाटलीतली पूड

पोरी, गेल्या रविवारी तू व्हिडिओ कॉलवर म्हणालीस की मोठ्या सूक्ष्मदर्शकावर तुला मिळालेले तीन आठवडे तू दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते आहेस आणि माझ्याजवळ नागपूरला येऊन राहणार आहेस. त्या तीन आठवड्यांसाठी तू सव्वा वर्ष थांबली होतीस, हे मला माहीत आहे. मी तेव्हा "बघ बाई, तुझं तू ठरव," एवढंच म्हणाले आणि फोन माझं करणाऱ्या मावशींच्या हातात दिला. त्या बोलण्यात एक खोटेपणा होता. तो तुला कळावा म्हणून हे लिहिते आहे. तुझ्या धाकट्या भावानेही वाचावं. अक्षर अडलं तर बाबांकडून वाचून घ्यावं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून मी मागच्या खोलीत आहे. उजवीकडे खिडकी, तिच्यातून शेजारच्यांची पाण्याची टाकी आणि आभाळाचा एक तुकडा दिसतो. डावीकडे लोखंडी कपाट. कुशीवर वळायचं तर मावशींना हाक मारावी लागते. सकाळी त्या येतात, संध्याकाळी जातात, मग रात्रीच्या बाई येतात. मला पुस्तक वाचता येतं, मोबाइल धरता येतो, पण खाटेवरून पाय खाली टाकता येत नाही. ही खोली आणि ही खाट मला नवी नाही. पंधरा वर्षांपूर्वी इथे माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या बाबांची आजी, होत्या आणि मी त्यांच्या उशाशी होते. तेव्हाही मला इथून बाहेर पडता येत नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. नोकरीची वीस-बावीस वर्षं झाल्यावर, पन्नाशीच्या आसपास, पीएचडीसाठी नाव नोंदवलं. विषय होता झिंक ऑक्साइडच्या अतिबारीक पुडीतून लेसर मिळवण्याचा. घरात कुणाला सांगितलं की ते हसत, कारण लेसर म्हटलं की आरसे, नळी आणि सरळ रेघेतला झोत डोळ्यांसमोर येतो, आणि माझ्या हातात तर पांढऱ्या भुकटीची बाटली असे.

तुम्हाला स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो. तोच मिक्सरमधून काढला की पिठीसाखर पांढरीशुभ्र होते. साखर तीच असते, पण आता प्रकाशाला सरळ जाता येत नाही. एका कणावर आदळून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, असा तो आतच भटकत राहतो. साध्या लेसरमध्ये दोन आरसे प्रकाशाला अडवून धरतात. आमच्या पुडीत आरसा नव्हताच. कणांची गर्दीच त्याला अडवी. झिंक ऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्याच्या कणांवर अतिनील किरणांचा एक जोरदार ठोका दिला की त्यांत ऊर्जा साठते, आणि भटकणारा प्रकाश त्यांच्यातून जाताना वाढत जातो. दिवाळीच्या आदल्या दिवशी बर्डीच्या बाजारात शिरलेला माणूस आठवा. धक्के खात तो या दुकानापासून त्या दुकानापर्यंत जातो, बाहेर काही पडत नाही. आता असं समजा की प्रत्येक धक्क्याला त्याच्यासारखाच, त्याच्याच पावलाने चालणारा आणखी एक जण त्याला मिळतो. शेवटी बाहेर पडते ती पलटण. यालाच रँडम लेसर म्हणतात. पण ठोका एका मर्यादेपेक्षा कमी पडला तर यातलं काही होत नाही. प्रकाश आत अडकतो आणि विरून जातो. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते.

पूड मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तयार करत असे. लेसर मात्र नागपुरात नव्हता. दक्षिणेकडच्या एका शहरातल्या संस्थेत, एका रात्रीच्या प्रवासावर होता, आणि तिथे वर्षातून एकदा मोजके दिवस मिळत. पहिल्या खेपेला मी पुडीच्या गोल वड्या दाबून नेल्या होत्या. पूड सांडते, उडते, हाताला लागते, आणि मला पसारा सोसत नाही. म्हणून पुडीत थेंबभर डिंकासारखं द्रव्य घालून, प्रेसखाली दाबून, पेपरमिंटच्या गोळीसारख्या गुळगुळीत वड्या केल्या आणि प्रत्येकीला लेबल लावलं. तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी त्या हातात घेऊन कौतुक केलं. लेसरचा ठोका दिल्यावर पडद्यावरच्या आलेखात मात्र पसरट टेकडी दिसली, आणि ठोका वाढवला तरी ती टेकडीच राहिली. हवे होते त्या टेकडीवर उभे राहिलेले बारीक, उंच सुळके. लेसर मिळाल्याची खूण तीच. मी परत आले आणि ठरवलं की कण आणखी बारीक हवेत आणि वड्या आणखी घट्ट.

त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुमचे आजोबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. त्यांच्या पाळ्या असत, आणि घरी असले की ते झोपलेले असत. आईचं करायला त्यांची ना नव्हती, पण सासूबाई त्यांच्या हातून काही घेत नसत. बाईही ठेवून पाहिल्या. सासूबाई ओठ मिटून घेत आणि दाराकडे पाहत राहत. मी कॉलेजातून येऊन चमचा हातात घेतला की तोंड उघडत. पुढे मी बिनपगारी रजा काढली. पहाटेचं औषध, साडेसातला पेज, नऊला अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. मी त्याचा तक्ता केला आणि भिंतीवर लावला. तक्त्यात माझ्यासाठी दुपारी दोन ते साडेतीन अशी एक चौकट होती. तेवढ्यात मी लिहायची, किंवा रिक्षाने कॉलेजात जाऊन भट्टी लावून यायची. महिने असे गेले की मंगळवार आणि शुक्रवार यांतला फरक मला औषधाच्या डबीवरून कळे.

दुसऱ्या खेपेचे तीन दिवस मे महिन्यात मिळाले. माझी नोंदणी जुलैत संपत होती आणि आता मुदतवाढ मिळणार नाही, असं मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे ते तीन दिवस साधले तर प्रबंध, नाहीतर नाही. तुमच्या आजोबांनी आपल्या मोठ्या बहिणीला, खाप्याच्या आत्याआजीला, बोलावून घेतलं. ती दोन दिवस आधीच आली, सोबत कुरोड्या-पापडांचा डबा घेऊन. भिंतीवरचा तक्ता पाहून तिने विचारलं, हे काय रेल्वेचं टाइमटेबल आहे का वं, आणि गाडी लेट झाली त बुढीले कुठं उतरवू. मला हसू आलं नाही. मी तिला सगळं दोनदा समजावून सांगितलं.

आता बाटल्यांचं सांगते. मे महिन्यात आमच्या घरभर कूलरची ओली हवा असे. त्या हवेत पूड दमट होऊन तिचे गोळे होतात. सासूबाईंना कूलरने खोकला येई, म्हणून त्यांच्याच खोलीत एसी होता, आणि घरातली सगळ्यांत कोरडी जागा म्हणजे हे लोखंडी कपाट. वरच्या खणात त्यांची औषधं, खालच्या खणात माझे पाच नमुने. चार आकारांच्या वड्या दाबून झाल्या होत्या. पाचवा सगळ्यांत बारीक, सगळ्यांत मेहनतीचा. तो अजून बाटलीत सुटाच होता, निघायच्या दिवशी सकाळी कॉलेजात जाऊन दाबणार होते. सगळ्या बाटल्यांवर इंग्रजीत लेबलं होती, माझ्या नेटक्या अक्षरात.

आदल्या दिवशी दुपारी मी बँकेतून आणि औषधांच्या दुकानातून आले. खोलीत आत्याआजी सासूबाईंना कुशीवर वळवून बसली होती. सासूबाईंची पाठ मानेपासून कमरेपर्यंत पांढरी झालेली. पाचवी बाटली उशाशी उघडी पडली होती.

"ताई, ही कुठली पावडर लावलीत?"

"हेच त. घामोळ्या किती आल्या होत्या मायले, तुले दिसल्या नाही का? तूच मागं म्हणाली होती न वं, घामोळ्याच्या पावडरीत हेच रायते म्हणून."

मी म्हणाले होते खरं. दिवाळीत तिने, ही भुकटी कशाची, असं विचारलं होतं आणि मी सोपं करून सांगायला गेले होते. मी सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला. ती गार लागली, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते, बऱ्याच दिवसांत न पाहिलेल्या सुखाने. माझ्या आठ महिन्यांच्या कामाचा तेवढा उपयोग झाला. आत्याआजीला काय झालं ते कळलं तेव्हा ती पाठ पुसून पूड परत भरायला निघाली. मी तिला थांबवलं.

बाटलीच्या तळाशी अर्धा चमचा उरली होती. तेवढ्याची वडी होत नाही. ती मी नेली नसती तरी चाललं असतं, पण माझ्या नमुन्यांच्या तक्त्यात पाच ओळी होत्या आणि पाचवी कोरी ठेवणं मला जमलं नसतं. म्हणून नेली.

लेसरच्या खोलीत काळोख असतो. दाराबाहेर लाल दिवा लागला की आतून कुणी बाहेर जात नाही, बाहेरून कुणी आत येत नाही. मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. पहिल्या दिवशी चारही वड्या झाल्या. चार टेकड्या. वड्या पहिल्यापेक्षा घट्ट होत्या आणि टेकड्या पहिल्यापेक्षा ठेंगण्या. त्या रात्री अतिथिगृहात मी तक्त्यात चार आकडे लिहिले आणि पेन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचवा नमुना काचेवर तसाच सुटा पसरला. पसरवताना काही पूड टेबलावर सांडली. शास्त्रज्ञ बाई ठोका हळूहळू वाढवत गेल्या. टेकडी आली, थोडी उंचावली. मग तिच्या माथ्यावर एक काटा उभा राहिला. ठोका आणखी वाढवला, तर तीन, मग सात, आठ. बाभळीच्या फांदीवर असतात तसे, बारीक, टोकदार, कमीजास्त उंचीचे.

कारण ध्यानात यायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. प्रकाशाला भटकायला कणांमध्ये हवेची पोकळी लागते. मी डिंक घालून ती बुजवली होती आणि वर प्रेसखाली दाबली होती. नेटकेपणा माझा नडला होता. दोन वर्षं मी प्रत्येक वेळी जे जास्त काळजीने केलं, तेच चुकीचं होतं.

एका नमुन्यावर प्रबंध होत नाही, पाचही आकार हवेत. पण वाट होती. त्या चार वड्या तिथल्याच भट्टीत रात्रभर तापवायच्या, म्हणजे डिंक जळून जाईल, सकाळी त्या खलात फोडायच्या, सुट्या पसरायच्या आणि मोजायच्या. तिसरा दिवस माझ्या हातात होता. मी वड्या भट्टीत ठेवल्या, लाल दिवा बंद झाला, आणि बाहेर येऊन कप्प्यातून मोबाइल घेतला. तुमच्या आजोबांचे नऊ कॉल येऊन गेले होते.

आईने दोन दिवसांत अन्न घेतलेलं नाही, असं ते म्हणाले. पाणी कसंबसं जातं. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. डॉक्टर म्हणाले होते की उद्यापर्यंत पाहू, नाहीतर नळी घालू. मग ते म्हणाले, तू ठरव. एवढ्यात फोन आत्याआजीने घेतला.

"येऊ नको वं तू. बुढी नाटक करून राहिली. तिले माहीत आहे, तोंड मिटलं का तू येतं म्हणून. एक दिवस नळीनं खाईन, त काय होते? मी आहो न इथं. तुयं काम होऊ दे."

हे मी तुम्हाला मुद्दाम शब्दशः सांगते आहे, कारण मग मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले की मला यावंच लागलं. तसं नव्हतं. माझ्यासाठी दार उघडलं होतं, आणि ते उघडून धरलं होतं सासूबाईंच्या पोटच्या मुलीने. शास्त्रज्ञ बाईही म्हणाल्या, तुम्ही जा, उद्या वड्या फोडून मी मोजते, आकडे कळवते. मी त्यांना नको म्हटलं. माझं काम आहे, मी पुन्हा येऊन करीन. दुसऱ्याच्या हाती खल द्यायला मन धजलं नाही. संध्याकाळच्या गाडीने निघाले. डब्यात बसल्यावर भट्टी आठवली. ती तशीच चालू होती.

सकाळी घरी पोहोचले. पर्स खांद्यावर असतानाच चमचा हातात घेतला. सासूबाईंनी तोंड उघडलं. मऊ भाताचे सहा चमचे खाल्ले. सातव्याला मान वळवली. दारात आत्याआजी पदराला हात पुसत उभी होती.

"झालं. जिंकली बुढी," ती म्हणाली, आणि आत जाऊन आपली पिशवी भरायला लागली.

मी पुन्हा गेले नाही. जुलैत नोंदणी संपली. सासूबाई त्यानंतर सहा वर्षं होत्या. त्यांच्यावर मी पुष्कळ वर्षं मनातून चिडून होते. पाणी पाजताना, कूस बदलताना, हात नीट चालत आणि मन चिडलेलं असे. ते त्यांना कळत असावं. त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणून काय उरलं होतं? बोलणं नाही, चालणं नाही. एक तोंड होतं, ते उघडायचं की मिटायचं एवढं त्यांच्या हातात होतं. हे मला त्या असताना कळलं नाही. या खाटेवर आल्यावर कळलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. परवा आत्याआजीचा खाप्याहून फोन आला. तिचे गुडघे गेलेत, ती घराबाहेर पडत नाही, पण आवाज तसाच आहे. मावशींनी तिला सांगितलं होतं की बाई आठ-दहा दिवसांपासून जेवत नाहीत, ताट तसंच परत जातं.

"काहून वं? पोट दुखते का?"

मी म्हटलं, नाही ताई, इच्छा नाही.

"नातीले सांगितलं का, जेवण जात नाही म्हणून?"

मी म्हटलं, ती विचारते रोज, मग सांगावं लागतं.

मग ती म्हणाली, "अन् ते येऊन राहिली. हो न? बुढी बरी होती वं. तिले बोलता येत नव्हतं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ टाकीकडे पाहत होते. पोरी, मी ठरवून केलं नाही. तुझा चेहरा पडद्यावर आला, तू विचारलंस, आजी जेवलीस का, आणि मी नाही म्हटलं. तुझ्या चेहऱ्यावर काळजी दिसली. ती मला बरी वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही म्हटलं. मग खरंच भूक लागेनाशी झाली, किंवा तसं मला वाटू लागलं. तू तिकिटाचं बोललीस त्या दिवशी दुपारी मी दोन पोळ्या खाल्ल्या आणि मावशींना म्हटलं, फोनवर सांगू नका.

तू यावंस असं मला वाटतं. रोज वाटतं, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण तू यायचं ते आपलं काम पुरं करून, रिकाम्या हातांनी नाही. माझं हाड जुळायला जेवढे दिवस लागायचे तेवढे तू असलीस तरी लागणार. तुझे तीन आठवडे मात्र दुसऱ्याच्या नावावर गेले की गेले. त्यानंतर तू मला भरवशील, मी तोंड उघडीन, आणि काही वर्षांनी तू सगळ्यांना सांगशील की तुला यावंच लागलं.

ते आठवडे तू कुणाला दिले असशील तर आजच फोन करून परत माग. माणूस भला असेल तर देईल. तिकीट रद्द करायचं बाबांना सांग, ते पाहतील.

मावशींना मी सकाळी कपाट उघडायला लावलं. पाचवी बाटली खालच्या खणात अजून आहे, तळाशी चिमूटभर पूड घेऊन. मी ती इथे उशाशी ठेवून घेतली आहे. हातात धरून हलवली की पूड काचेवर चढते आणि सावकाश खाली येते.

आज दुपारी मी गोळाभात जेवले. डाळीचे तीन गोळे, वर फोडणीचं तेल, आणि भात पुन्हा मागून घेतला. मावशींना म्हटलं, ताटाचा फोटो काढा आणि मुलांना पाठवा. त्यांनी जेवायच्या आधी काढला होता, म्हणून जेवल्यावर पुन्हा काढायला लावला. तो रिकाम्या ताटाचा फोटो तुम्हाला मिळाला असेल.